कालव्यावरचा फाटा

गुरुवारी दुपारी, जेवणानंतरच्या सुस्त वेळात, त्याने एक पार्सल उघडलं आणि त्याच्या हातात त्याच्या सख्ख्या भावाचं तोंड आलं. तसं पाहिलं तर त्यात दचकण्यासारखं काही नव्हतं. गेली सव्वीस वर्षं तो दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवत होता. शहरातल्या आणि आसपासच्या गावांतल्या दवाखान्यांतून जबड्यांचे साचे खोक्यांत भरून यायचे, पांढऱ्या प्लॅस्टरचे, हाताला गार लागणारे. तो त्यांवर मेण चढवायचा, मेणात एकेक दात रोवायचा आणि तयार झालेलं तोंड पुन्हा खोक्यात घालून परत पाठवायचा. सोबतच्या कागदावर नाव नसायचं. नंबर, वय, बाई की पुरुष, दातांचा रंग, बस्स. माणसं त्याला जबड्यांवरून समजायची. हा झोपेत दात खातो, ही बाई एकाच बाजूने चावते, हा तोंडात खिळे धरणारा सुतार असणार. पण ओळखीचं तोंड कधी आलं नव्हतं. हे आलं. वरच्या जबड्यात सातच दात उरले होते. पुढच्या दोनपैकी डावा दात तिरका तुटलेला आणि उजवा सुळा शेजारच्यावर चढून बसलेला, रांगेत कोणी खांदा पुढे काढावा तसा. त्याने साचा खिडकीच्या उजेडात धरून फिरवला. कागद वाचायची खरं तर गरज नव्हती, तरी वाचला. पुरुष, वय त्रेसष्ट. उरलेले सात दात येत्या बुधवारी काढायचे, कवळी त्याच वेळी बसवायची. दवाखाना भावाच्याच गावचा. म्हणजे आता काम काय, तर साच्यावरचे हे सात दात बारीक करवतीने कापून टाकायचे, हिरडी कानसीने गुळगुळीत करायची आणि त्या जागी नवे दात बसवायचे. रोजचंच काम. त्याने करवत उचलली, पातं अंगठ्यावर टेकवून पाहिलं आणि परत खाली ठेवली. साचा वरच्या फळीवर इतर साच्यांच्या मागे सरकवून त्याने दुसरं खोकं उघडलं. संध्याकाळपर्यंत त्याने आणखी तीन अनोळखी तोंडं पुरी केली, पण मान वर करायची म्हटलं की नजर त्या फळीकडे जायची.

तो तुटका दात त्याचाच पराक्रम होता. तो सात वर्षांचा आणि दादा सोळाचा. त्याला शिकवताना दादा सायकलच्या सीटला मागून धरून धापा टाकत धावायचा आणि ओरडायचा, “पुढे बघ, छोट्या, पुढे बघ!” दादाने सीट सोडली की काय हे पाहायला त्याने मागे वळून पाहिलं आणि घाबरून दोन्ही ब्रेक कचकन दाबले. दादा तोंडावर सीटच्या लोखंडी कडेवर आदळला. दादाने रक्ताबरोबर दाताचा तुकडा तळहातावर थुंकला, त्याच्याकडे कुतूहलाने पाहिलं आणि म्हणाला, “आईला सांगायचं नाही हं.” घरी दादाने जिन्यावरून पडल्याचं सांगितलं. आई आठवडाभर दादालाच बोलत होती, एवढा घोडा झालास तरी पायाखाली बघता येत नाही, म्हणून. दुसऱ्या दिवशी सुजलेल्या ओठाने दादा पुन्हा सीट धरून धावला. त्या दिवशी तो सायकल शिकला. कोणत्या क्षणी दादाने सीट सोडली, ते त्याला कधीच कळलं नाही.

गुरुवारीच संध्याकाळी त्याने मास्तरला फोन केला. मास्तर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेला भूगोलाचा शिक्षक. मास्तर, भोंगा आणि तो स्वतः असे तिघे गेली वीस वर्षं महिन्यातल्या पहिल्या रविवारी सायकली काढून शंभरेक किलोमीटरची चक्कर मारून यायचे. भोंग्याची लाँड्री होती. वाफेच्या यंत्रांच्या गोंगाटात बोलून बोलून त्याला हळू बोलणं म्हणजे काय तेच आठवेनासं झालं होतं. रस्ता नेहमी मास्तर ठरवायचा, पण या वेळी त्यानेच सुचवला. “या रविवारी कालव्याच्या रस्त्याने जाऊ,” तो म्हणाला. पलीकडे नकाशा उलगडल्याचा आवाज आला. मग मास्तर म्हणाला, “बरं. तलावापर्यंत जाऊन परत. एकशेवीस होतील.” आणि थोडं थांबून, “पाणी जास्तीचं घे.” शहरातून निघणाऱ्या सगळ्या रस्त्यांत कालव्याचा रस्ता चांगला. सपाट, सावलीचा, ट्रक नाहीत. पण अकरा वर्षांत ते त्या रस्त्याला गेले नव्हते. जायचं नाही असं कोणी कधी बोललं नव्हतं. मास्तरच्या नकाशावरची पेन्सिलची रेघ दर महिन्याला आपोआप दुसऱ्या कुठल्या तरी दिशेला वळायची, एवढंच. कालव्याच्या कडेने पस्तीस किलोमीटर गेलं की एक फाटा लागतो, आणि फाट्यापासून आत आठ किलोमीटरवर दादाचं घर आहे.

रविवारी उजाडता उजाडता ते निघाले. शहर अजून पुरतं जागं झालं नव्हतं. बेकरीच्या मागच्या दारातून पावाचा वास येत होता, एक माणूस पायजम्यावरच कुत्र्याला फिरवत होता. सिग्नल रिकाम्या चौकांत उगाचच लाल-हिरवे होत होते आणि भोंगा प्रत्येक लाल सिग्नलला इमानाने थांबत होता, “कायदा म्हणजे कायदा” म्हणत. शेवटची गोदामं मागे पडली, रस्ता एकदा उजवीकडे वळला आणि कालवा लागला. त्याला वाटलं होतं, कालवा दिसल्यावर काहीतरी होईल. काही झालं नाही. पाणी होतं, संथ, गढूळ हिरवं, रस्त्याच्या बरोबरीने चालणारं. दोन्ही कडांना झाडं, पलीकडे नांगरलेली शेतं, लांबवर एका घराच्या धुराड्यातून सरळ वर चढणारा धूर. पहिल्या दहा किलोमीटरांत पाय कुरकुरतात, गुडघे आपलं वय सांगतात, मग हळूहळू शरीर ऐकू लागतं आणि पायडल मारणं ही आपण करण्याची गोष्ट राहत नाही. मास्तर पुढे, भोंगा मध्ये, तो शेवटी. पुढच्या चाकावर नजर ठेवली की बाकी जग कडेने वाहत जातं. साखळीचा बारीक आवाज, डांबरावर टायरची सरसर, भोंग्याची अखंड बडबड, एका गिऱ्हाइकाने कोटाच्या खिशात विसरलेलं उकडलेलं अंडं यंत्रात कसं फुटलं त्याची. हे सगळं त्याच्या आवडीचं होतं. या आवडीचीच त्याला अकरा वर्षं लाज वाटत आली होती, आणि तरी महिन्यातला पहिला रविवार त्याने चुकवला नव्हता.

अकरा वर्षांपूर्वी ते तिघे डोंगरात गेले होते, नऊ दिवसांच्या दौऱ्यावर. आई तेव्हा दादाकडे असायची. आधीची नऊ वर्षं तिकडेच होती, शेवटची दोन बहुतेक पलंगावर. तो पंधरवड्यातून एकदा तिला भेटायला जायचा, सायकलनेच. डोंगरात मोबाइल लागत नाहीत, म्हणून निघायच्या आधी त्याने आठ रात्रींच्या आठ मुक्कामांचे फोन नंबर एका कागदावर लिहून आईच्या पलंगाशेजारच्या भिंतीवर चिकटवले होते. आई म्हणाली होती, “अरे, मी काय पळून जाणार आहे का?” त्याने सगळे मुक्काम ठरल्याप्रमाणे गाठले. नवव्या दिवशी संध्याकाळी, उन्हाने रापलेला, पाय जड आणि डोकं हलकं असा तो घरी आला, तर बायको पायरीवर बसून होती. तिचा चेहरा पाहिला आणि सायकल हातातून सुटली. आई गेल्याचं तिलाही त्याच दुपारी कळलं होतं. दादाकडे पोचला तेव्हा सगळं आटोपून एक दिवस झाला होता. आईच्या पलंगावरची गादी गुंडाळून उभी केलेली होती. दादा स्वयंपाकघरात कप पुसत उभा होता. “मला बोलावलं का नाहीस?” त्याने विचारलं. दादा कप पुसतच राहिला. मग त्याच्याकडे न बघता म्हणाला, “तू सायकलवर होतास.” तो तिथून तसाच उलट पावली निघाला. वहिनी फाटकापर्यंत मागे आल्या, भावजी भावजी करत, पण तो थांबला नाही. त्यानंतर ना त्याने फोन केला, ना दादाने. पहिल्या वर्षी मास्तरने, बायकोने, सगळ्यांनी समजावून पाहिलं. मग त्यांनीही विषय सोडला. भांडण असतं तर मिटलं असतं. भांडण नव्हतं, तीन शब्द होते, आणि ते त्याने अकरा वर्षं लॅबच्या खिडकीशी बसून, मेण पातळ होण्याची वाट पाहत, नाना तऱ्हांनी म्हणून पाहिले होते. तू सायकलवर होतास, म्हणजे आई मरत होती आणि तू मजा मारत होतास. तू सायकलवर होतास, म्हणजे तुझी मजा कशाला मोडायची. तू सायकलवर होतास, म्हणजे शोधणार कुठे तुला. एका सुरात तो गुन्हेगार ठरायचा, दुसऱ्यात लाडका धाकटा, तिसऱ्यात कोणीच नाही. नंबरांचा तो कागद भिंतीवर होता की नव्हता, हे त्याने त्या दिवशी पाहिलंच नाही. पाहायला हवं होतं.

फाटा लांबूनच दिसला. एक मोडका बाक, एक पाटी, पाटीवर गावाचं नाव आणि आठचा आकडा. मास्तरचा वेग कमी झाला. खरं म्हणजे मास्तर वेग कधी कमी करत नाही. भोंगा वाक्याच्या मध्येच गप्प झाला. तिघेही त्या बाकाकडे हळूहळू सरकत गेले, आणि त्याचे हात हँडलवर सरळच राहिले. वळायचं असं ठरवलं नव्हतं, वळायचं नाही असंही नाही. हात सरळ राहिले आणि फाटा मागे गेला. मास्तरने मान न वळवता पुन्हा वेग धरला. त्याला आधी हलकं वाटलं, तोंडात गोड लाळ सुटावी इतकं. मग दोन-तीन किलोमीटरनंतर त्याने एकदा मागे वळून पाहिलं.    तलावाआधी एक चढ लागला, त्या रस्त्यावरचा एकुलता एक. तो उभा राहून पायडल मारत होता आणि त्याला दादाच्या धापा ऐकू येत होत्या, सीटमागच्या, आणि त्या आपल्याच आहेत हे कळायला त्याला अर्धा चढ लागला.

तलावाच्या काठी गवतात सायकली आडव्या टाकून ते जेवायला बसले. पाव, चीज, उकडलेली अंडी, संत्री. पाण्यावर वाऱ्याने बारीक चुण्या पडत होत्या. पलीकडच्या काठावर कोणीतरी एका जुन्या होडीला रंग देत होतं. भोंग्याने एक अंडं सोललं, दुसरं सोललं, दोन्ही खाल्ली आणि हात झटकून म्हणाला, “आता मला बोलू द्या. सकाळपासून मी एका विषयावर तोंड बंद ठेवलंय, आणि ते माझ्या प्रकृतीला झेपत नाही. तू फाट्यावर ढिला पडलास. आम्ही दोघांनी पाहिलं.”

“मास्तर आधी ढिला पडला,” तो म्हणाला.

“मी वाट करून देत होतो,” मास्तर म्हणाला.

मग त्याने सांगितलं. गुरुवारचं खोकं, सात दात, तिरका तुकडा, करवत. सांगताना त्याला ते हास्यास्पद वाटलं, आणि भोंगा हसलाही, पण लगेच थांबला. “कापलेस का मग?” मास्तरने विचारलं.

“नाही. फळीवर ठेवलेत.”

“बुधवारी लागणार ना त्याला? म्हणजे उद्या-परवा तुला कापावेच लागणार.”

“दुसऱ्या कारागिराला देता येतील.”

“येतील,” मास्तर म्हणाला आणि संत्र्याच्या फोडींवरचे पांढरे धागे निगुतीने काढत बसला. त्याच्या या सवयीमुळे त्याची जेवणं संपता संपत नसत. “एक सांगू? त्या दौऱ्यात आम्हीही होतो. तुझ्या बायकोने तुला सांगितलं तेव्हा आम्ही आपापल्या घरी गरम पाण्याने आंघोळ करत होतो. मला आजही वाटतं, आपण एक दिवस कमी केला असता तर. आठवा दिवस माझ्या हट्टामुळे होता, त्या खिंडीसाठी. तुला आठवत असेल-नसेल.”

त्याला आठवत नव्हतं. मास्तरने हे अकरा वर्षं जवळ ठेवलं असेल, असं त्याच्या कधी मनातही आलं नव्हतं. आपलं दुःख आपल्या एकट्याच्या मालकीचं आहे, अशा थाटात तो इतकी वर्षं या दोघांच्या मागून सायकल चालवत होता.  त्याने मास्तरच्या हातातून एक फोड उचलून खाल्ली.

“जायचं तर जाईन,” तो म्हणाला, “पण दारात उभं राहून बोलू काय?”

“पाणी माग,” भोंगा म्हणाला. “सायकलवाल्याला पाणी नाही म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचाय. पुढचं पुढे.”

परतताना वारा समोरून होता. मास्तरने नेहमीप्रमाणे पुढे राहून वारा अंगावर घेतला. फाट्याशी आल्यावर तिघेही थांबले, या वेळी सरळ पाय टेकवून. भोंगा बाकावर आडवा झाला आणि टोपी तोंडावर ओढून म्हणाला, “मी इथे आहे. बाक चांगला आहे.” तो एकटा आत वळला. आठ किलोमीटर म्हणजे वीस मिनिटं. त्या वीस मिनिटांत त्याने काहीही ठरवलं नाही. रस्ता अरुंद होता, कडेला छोटा पाट, पाटाला ठरावीक अंतरावर लोखंडी दारं. दादाची सगळी नोकरी या दारांवर गेली होती. पहाटे उठून चाकं फिरवून पाणी सोडायचं, ठरल्या वेळी बंद करायचं, आठवड्याचे सातही दिवस. दादा कधी कुठे गेला नाही. पाणी त्याला सोडत नसे. लहानपणी घरी सायकल एकच होती, आणि दादाला नोकरी लागल्यावर ती छोट्याची झाली. यात कोणाला काही वावगं वाटलं नव्हतं. त्यालाही नाही. आज, त्या लोखंडी दारांवरून एकामागून एक जाताना, ते त्याला पहिल्यांदा जरासं वावगं वाटलं.

घर तसंच होतं, फक्त फाटकाचा रंग बदलला होता. वहिनी अंगणात चादरी वाळत घालत होत्या. केस पार पांढरे झाले होते. त्यांनी त्याला पाहिलं, हातातली चादर दोरीवर नीट पसरली, चिमटा लावला आणि मग म्हणाल्या, “भावजी, सायकल आत घ्या. उन्हात टायर तापेल.” जणू तो गेल्या आठवड्यात येऊन गेला होता. “मागच्या खोलीत आहेत,” त्या म्हणाल्या. मागची खोली आईची होती. तिथे आता एक शिलाई मशीन होतं, एक कपाट, आणि मधे जमिनीवर बसून दादा उलट्या खुर्चीचा पाय घट्ट करत होता. तो किती लहान झाला होता. मानेच्या मागचा भाग आईसारखा दिसत होता.

“पाणी मिळेल का?” तो म्हणाला.

दादाने वर पाहिलं. आणि त्याचा हात, स्क्रूड्रायव्हरसकट, झटकन तोंडावर गेला. चेहऱ्यावर आनंद होता की भीती, ते त्या हाताने झाकून टाकलं. मग त्याने टेबलावरच्या तांब्याकडे बोट केलं. तो पाणी प्यायला, दुसऱ्यांदा ओतून पुन्हा प्यायला.

“किती झाले?” दादाने हाताआडून विचारलं.

“त्र्याण्णव झाले. अजून त्रेचाळीस.”

“वारा समोरून असेल.”

“आहे.”

तो दादासमोर जमिनीवर बसला. पोटऱ्या गरम होत्या, फरशी गार. “दादा, तुझे दात माझ्याकडे आलेत.”

“कोणाचे?”

“तुझे. बुधवारचे. साचा माझ्या लॅबमध्ये आला. कापायचेत, पण तुला विचारल्याशिवाय हात धजेना.”

दादाचा हात खाली आला. तो हसला, आणि सातही दात दिसले, प्लॅस्टरमधल्यासारखेच, फक्त पिवळे. “सगळ्या शहरात तुझाच पत्ता सापडला होय त्या डॉक्टरला? आणि विचारून कापणार म्हणतोस? पहिला काही विचारून तोडला नव्हतास.”

दोघेही हसले. हसणं संपल्यावर खोलीत एकदम काहीच उरलं नाही. अंगणातून चादरी फडफडल्याचा आवाज येत होता. त्याला वाटलं, इथेच उठावं. एवढंही पुष्कळ झालं. बुधवारी फोन करता येईल, कवळी कशी बसली म्हणून विचारता येईल, असं हळूहळू पुन्हा सुरू होईल. पण उठायचं सोडून त्याने विचारलं. आवाजात रागाचा लवलेश नव्हता, त्याचं त्यालाच नवल वाटलं. “दादा, ‘तू सायकलवर होतास’ म्हणालास, ते मी अकरा वर्षं उलटसुलट करून पाहिलं. मला नाही उलगडलं. मी मजा करत होतो म्हणून रागावून नाही बोलावलंस, की मला त्रास नको म्हणून?”

दादा खुर्चीचा स्क्रू फिरवत राहिला. तो केव्हाच घट्ट बसला होता.

“सांगून टाका आता,” दारातून वहिनी म्हणाल्या. त्या कधी आल्या, कळलं नाही. “अकरा वर्षं मला ऐकवताय. ज्याला सांगायचं तो आलाय.” आणि त्या निघून गेल्या.

“त्यातलं काहीच नाही,” दादा म्हणाला. त्याने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. “मंगळवारी सकाळी डॉक्टर येऊन गेला. म्हणाला, दोन दिवस, फार तर. मी भिंतीवरच्या कागदावरून नंबर लावला. आदल्या रात्रीच्या मुक्कामाचा. लागला. कोणी म्हातारा बोलला. मी तुझं नाव सांगितलं. तो म्हणाला, हो, इथेच आहेत, अंगणात सायकलींना हवा भरताहेत, हाक मारू का?”

दादाने तळहात गुडघ्यांवर पुसले.

“मी म्हटलं, नको. राहू दे. आणि ठेवला.”

दादा त्याच्याकडे बघत होता, पहिल्यांदाच सरळ. “तू यायचास ना, पंधरवड्याने, तेव्हा ती सकाळपासून केस विंचरायला लावायची. उशी उंच करा, ती निळी शाल द्या. मी रोज होतो, छोट्या. रोज. माझ्यासाठी तिने कधी केस विंचरले नाहीत. विंचरायचे कशाला? मी काय पाहुणा होतो? मला वाटलं, तू आलास की ती तुझ्याकडेच बघत बसेल. जाईपर्यंत. मला ते दोन दिवस हवे होते. मी ते घेतले. नंतर तू विचारलंस तेव्हा हे सांगायचं धाडस झालं नाही, मग तोंडात आलं ते बोललो. तुझ्यावरच ढकललं.”

अंगण त्याला आठवलं. आठवायचा प्रयत्नही करावा लागला नाही. फरसबंद अंगण, त्यात साचलेलं पाणी, मास्तर पंप मारत होता आणि आपण टायर अंगठ्याने दाबून पाहत होतो. घरात फोन वाजला होता. थांबला होता. मग तो म्हातारा दारात आला होता, खांद्यावर पंचा टाकलेला, आणि काही न बोलता आपल्याकडे पाहत उभा राहिला होता, जरा जास्तच वेळ. आपण हात हलवला होता. त्यानेही हलवला होता. दहा पावलांचं अंतर असेल.

आता राग येईल, असं त्याला वाटलं. त्याने वाट पाहिली. राग आलाही, छातीच्या मधोमध, खरा, गरम, आणि त्याला तो जवळजवळ बरा वाटला, कारण एवढी वर्षं जे होतं त्याला काही आकारच नव्हता. त्या सकाळी त्याच्या हातून काही चुकलं नव्हतं. तो फक्त टायर दाबून पाहत होता. चूक समोर बसलेल्या या म्हाताऱ्या माणसाची होती, आणि ती त्याने अंग न चोरता पुढ्यात ठेवली होती. दादाची बोटं फरशीवरचा स्क्रूड्रायव्हर उगाच सरळ करत होती. ती बोटं त्याने आयुष्यभर पाहिली होती, पण त्यांना काही हवं असेल, असा विचार त्याच्या डोक्याला कधी शिवला नव्हता. रागाच्या खाली आणखी काहीतरी होतं, आणि ते वर यायला लागल्यावर त्याला कळलं की ती भूक आहे. दिवसभर सायकल चालवल्यावर लागते तशीच साधी, पोटातली.

त्याने खिशातून फोन काढून मास्तरला लावला. “तुम्ही व्हा पुढे. मला उशीर होईल.”

“किती उशीर?”

“दोन दिवसांचं ऐकायचंय.”

 मागून भोंग्याचा आवाज आला, फोनची गरजच नसावी इतका मोठा, “त्याला म्हणावं मला पंक्चर झालंय! दोन्ही चाकं!” मग मास्तर म्हणाला, “आम्ही आहोत इथे. दिवे आणलेत.”

त्याने फोन बंद करून बाजूला ठेवला. दादा वाट पाहत होता, शिक्षा ऐकायला उभ्या असलेल्या माणसासारखा, पाठ ताठ करून.

“सांग मला,” तो म्हणाला. “तू घेतलेस ते दोन्ही दिवस. ती काय बोलली, काय खाल्लं, कधी झोपली, सगळं. फोन ठेवलास तिथपासून सांग. गाळू नकोस काही.”

“सगळं?”

“सगळं.”

दादाने खुर्ची सरळ करून ठेवली, पण तिच्यावर कोणी बसलं नाही. दोघेही फरशीवरच राहिले. दादा खिडकीखालच्या मोकळ्या जागेकडे बघत होता. पलंग तिथे असायचा.

“फोन ठेवला आणि वळलो, तर ती जागी होती,” दादा म्हणाला. आता त्याचा हात तोंडाकडे गेला नाही. “कोणाचा फोन, म्हणाली. मी म्हटलं, चुकून लागला होता. तिने जरा वेळ माझ्याकडे पाहिलं. खोटं तिला कळलं की नाही, देव जाणे. मग पलंगावर थोडी सरकली. तेवढं सरकायलाही तिला किती वेळ लागला, छोट्या. बैस, म्हणाली. किती वर्षं झाली, तू माझ्याजवळ काही काम न काढता नुसता बसलाच नाहीस.”

दादा फरशीवर जरा सरकला.

“मग?” त्याने विचारलं.